पडद्यावरची बाई 'नाही' म्हणते तेव्हा

सिनेमातली पुरुषसत्ता या विषयावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मेसेज मिळून इतकं आलं की सगळं छापायला अख्खा अंक पुरायचा नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणींनी सिनेमाबद्दल लिहिता लिहिता घरातलं लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी एम.ए. करतेय. आमच्या सरांनी रॅडिकल फेमिनिझम एका लेक्चरमध्ये उरकला आणि वर म्हणाले की या बायका पुरुषांचा द्वेष करतात. खरं काय आहे? आणि त्या नजरेने सिनेमा बघायचा म्हणजे नक्की काय बघायचं?

सर म्हणाले ते बोलायला सोपं आहे म्हणून सगळीकडे चालतं. थोडं मागचं सांगते. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ज्या तरुण मुली युद्धविरोधी आणि नागरी हक्कांच्या चळवळीत होत्या त्यांच्या लक्षात आलं की क्रांतीच्या गोष्टी करणारे आपलेच साथी टायपिंग आणि कॉफी मात्र आपल्यावर सोडून देतात, आणि तिथून त्या विचार करायला लागल्या, तोच पुढे रॅडिकल फेमिनिझम, म्हणजे प्रश्नाच्या मुळाला हात घालणारा स्त्रीवाद. १९७० मध्ये केट मिलेट आणि शुलामिथ फायरस्टोन या दोघींची पुस्तकं आली. समान कायदा, शिक्षण, नोकरी हे सगळं द्याच असं या बायका म्हणत होत्या, पण बाईवरचा दाब तेवढ्याने जाणार नाही कारण तो स्वयंपाकघरात आहे, बिछान्यात आहे, बाळंतपणात आहे, रात्री एकटीने चालताना वाटणाऱ्या भीतीत आहे, आणि या सगळ्या ठिकाणी बाईच्या कष्टांवर, शरीरावर, मुलांवर हक्क दुसऱ्या कुणाचा तरी असतो. अमुक पुरुष चांगला की वाईट हा त्यांचा प्रश्नच नव्हता. चांगल्या नवऱ्यालाही आयतं ताट मिळतं ते याच व्यवस्थेतून. यात द्वेष कुठे आला? फायदा कुणाला होतो एवढाच हिशोब मांडलाय. आणि हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ताराबाई शिंदेंचं 'स्त्री पुरुष तुलना' वाचावं, १८८२ सालचं आहे, बुलढाण्याच्या बाईने लिहिलेलं, आणि त्यातला राग आजही ताजा वाटतो.

आता सिनेमा कसा बघायचा. मी स्वतः एक गोष्ट धरून बसते, की यातली बाई कुठे 'नाही' म्हणते आणि तिच्या त्या नाहीचं सिनेमा पुढे काय करतो. बघा तुम्ही, बहुतेक वेळा हिरो त्या नाहीचं एका गाण्यात हो करून टाकतो, नाहीतर बाईला शिक्षा होते, नाहीतर ती मरते, नाहीतर शेवटच्या रिळात ती माफी मागून घरी परत येते. ज्या सिनेमात तिची नाही शेवटपर्यंत नाहीच राहते तो सिनेमा दुर्मीळ, आणि तिथेसुद्धा त्याची किंमत कुणी भरली ते बघायचं.

१९३७ चा शांतारामांचा 'कुंकू' घ्या. नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरचा, शांता आपटे नीरा. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली मुलगी म्हणते की हा माझा नवरा नाही आणि मी याच्याजवळ जाणार नाही, आणि अख्खा सिनेमा ती ते टिकवते. त्या काळात हे दाखवणं केवढं धाडसाचं होतं बघा, कारण त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १८८७ मध्ये, मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या होत्या. म्हणजे नीरासारखी बाई हवेतून आली नव्हती, आपल्याच शहरात होऊन गेली होती. पण आता शेवट बघा. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो आणि ते आत्महत्या करतात, तू दुसरं लग्न कर असं सांगून तिला मोकळी करून जातात. मला हा शेवट वर्षानुवर्षं खटकायचा, बाईचा लढा आणि सुटका मात्र पुरुषाच्या मोठ्या मनामुळे, असं का? मग लक्षात येतं की काही जातींतली रूढी सोडली तर त्या वेळी मुंबई प्रांतातल्या हिंदू बाईला घटस्फोटच नव्हता, तो कायदा आला १९४७ मध्ये आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. नीराला बाहेर पडायला कायद्याने दारच ठेवलं नव्हतं, नवऱ्याच्या मरणाशिवाय. आता हे कळल्यावर तो शेवट नुसता भाबडा वाटत नाही, त्या काळच्या लग्नाचा खरा नकाशा तिथे दिसतो, दिग्दर्शकाला तो दाखवायचा असो वा नसो. असं वाचन करायचं. कथेतला माणूस सुधारला म्हणून समाधान मानायचं नाही, त्याला सुधारावं लागलं तरच ती सुटणार होती ही व्यवस्था कुणी केली ते विचारायचं.

प्रश्न: मला 'कबीर सिंग' आवडला. माझ्या गर्लफ्रेंडलाही आवडला. मी कुणाला मारत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही. एक सिनेमा बघून माणूस बिघडतो का? एवढा राईचा पर्वत कशाला?

एक सिनेमा बघून माणूस बिघडतो असं मी म्हणत नाही आणि तुम्ही वाईट आहात असंही म्हणत नाही. मी सिनेमाबद्दल बोलतेय. त्यात हिरो पहिल्यांदा त्या मुलीला बघतो आणि सगळ्या वर्गाला जाऊन सांगतो की ही माझी, हिच्याकडे कुणी बघायचं नाही. तिला अजून कुणी काही विचारलेलंच नाही. ती काय शिकते, तिला काय आवडतं, तिचं हसणं, चिडणं यातलं आपल्याला किती कळतं? अगदी थोडं. सुरुवातीला तो एका बाईला चाकू दाखवून कपडे काढायला सांगतो आणि थेटरात त्या सीनला लोक हसतात, कारण तो सीन हसण्यासाठीच रचलाय, चाकू कुणाच्या गळ्याशी आहे तिकडे कॅमेऱ्याचं लक्ष नाही, त्याच्या हाल झालेल्या मनाकडे आहे. लॉरा मल्वी या ब्रिटिश सिनेअभ्यासक बाईने १९७५ मध्ये एका निबंधात हेच मांडलं होतं, की कॅमेरा कुठून बघतो, पडद्यावरची पात्रं एकमेकांकडे कशी बघतात आणि आपण थेटरात बसून कसं बघतो या तिन्ही नजरा एकत्र येतात आणि मुख्य प्रवाहातल्या सिनेमात त्या पुरुषाच्या नजरेत मिसळून जातात. त्यामुळे बाई प्रेक्षक असली तरी तिला त्याच्याच डोळ्यांनी बघावं लागतं. तुमच्या गर्लफ्रेंडला आवडला याचं मला अजिबात आश्चर्य नाही, आपण सगळ्याजणी लहानपणापासून तिथेच बसून सिनेमा बघायला शिकलोय.

आणि पर्वत कशाला विचारताय म्हणून सांगते. मुलीचा पाठलाग करणं हा आपल्या देशात स्वतंत्र गुन्हा झाला २०१३ मध्ये. त्याच्या आधी कित्येक दशकं आपल्या सिनेमात त्यालाच प्रेमाची सुरुवात म्हणत होते, कॉलेजच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंत मागे मागे जायचं, दुपट्टा ओढायचा, मित्रांनी शिट्ट्या मारायच्या आणि मध्यंतरापर्यंत ती पटायची. ज्या मुलींच्या मागे खरोखर कुणी लागलं त्यांनी घरी सांगितलं तर कॉलेज बंद व्हायचं, म्हणून त्या गप्प बसायच्या. तुम्ही मारत नाही, चांगलंच आहे. पण मारणाऱ्याला हा सिनेमा प्रियकर म्हणतो आणि मार खाणारीला त्याची समजूतदार प्रेयसी, एवढं तरी बघाल का?

प्रश्न: मी ६३ वर्षांची आहे. 'माहेरची साडी' आम्ही बायका बायका मिळून ट्रॅक्टरमधून बघायला गेलो होतो, सगळ्या रडत होतो. तुम्ही शिकलेल्या बायका अशा सिनेमांना नावं ठेवता. आमचं रडणं खोटं होतं का?

नाही हो काकू, तुमचं रडणं अजिबात खोटं नव्हतं, आणि जे समीक्षक त्या सिनेमाला रडका म्हणून बाजूला टाकतात त्यांच्यावर माझा राग आहे. १९९१ चा तो सिनेमा एवढा तुफान चालला तो फुकट नाही. सासरी जे होतं ते घरात बोलायची सोय नव्हती, माहेरी सांगितलं तर सहन कर म्हणायचे, आणि तिथे काळोखात तीन तास मोठ्याने रडता आलं, शेजारचीही रडतेय हे ऐकू आलं. सत्तरच्या दशकात त्या अमेरिकन बायका गोल करून बसायच्या आणि आपापलं सांगायच्या, त्यातून त्यांना कळलं की जे मला एकटीला होतंय असं वाटत होतं ते सगळ्यांनाच होतंय. तुम्ही सगळ्या ट्रॅक्टरमधून परत येताना काय बोललात ते मला फार ऐकायला आवडेल, कारण माझ्या मते खरा सिनेमा तिथे सुरू झाला असणार.

माझी तक्रार वेगळी आहे. अशा सगळ्या सिनेमांत छळ कोण करतं? सासू. नणंद. सासरा बिचारा पेपर वाचतो, नवरा आईपुढे बोलू शकत नाही. आता मला सांगा, घर कुणाच्या नावावर, शेत कुणाचं, हुंडा कुणाच्या हातात गेला, मूल कुणाचं नाव लावणार? सासूच्या नावावर यातलं काहीच नाही. तीसुद्धा एकदा अशीच भेदरलेली येऊन पडली होती, तिला आयुष्यभर वाट बघून जी सत्ता मिळाली ती एवढीच, की पुढे येणाऱ्या मुलीवर राज्य करायचं. डेनिझ कंदियोती नावाच्या अभ्यासक बाईने १९८८ मध्ये यावर लिहिलंय, की बायका पुरुषसत्तेशी असा सौदा करतात, तरुणपणी सोसायचं आणि म्हातारपणी सून मिळाली की वसूल करायचं. त्यामुळे राबवणारी बाई दिसते आणि जिच्यासाठी ती राबवते ती व्यवस्था सोवळ्यात राहते. आपण सासूला शिव्या देत घरी येतो आणि सासऱ्याला चहा करून देतो.

एक गोष्ट लक्षात घ्या, नवऱ्याकडून आणि सासरकडून होणाऱ्या छळाचं ४९८-अ कलम १९८३ मध्ये आलं आणि हुंडाबळीचं कलम १९८६ मध्ये. म्हणजे 'माहेरची साडी' आला तेव्हा पोलिसात जायचा रस्ता कागदावर होता. पण तुम्ही पाहिलेल्या त्या काळच्या घरगुती सिनेमांपैकी किती सिनेमांतली सून पोलीस ठाण्याची पायरी चढली ते आठवून बघा आणि मला कळवा.

प्रश्न: मी घरी बायकोला सगळी मदत करतो. 'द ग्रेट इंडियन किचन' बघितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्यात नवरा मारत नाही, दारू पीत नाही. मग एवढं काय दाखवलं?

तुमच्या पत्रातला 'मदत' हा शब्द तुमच्या बायकोला ऐकवा आणि ती काय म्हणते बघा. ज्याचं काम असतं त्याला आपण मदत करतो, म्हणजे काम तिचं हे आधीच ठरलं.

जिओ बेबी यांचा हा २०२१ चा मल्याळम सिनेमा मला एवढा महत्त्वाचा वाटतो कारण त्यात खलनायक नाही. सासरे गोड बोलतात. त्यांना फक्त भात चुलीवरचा लागतो, कुकरचा नको, कपडे मशीनमध्ये नको, आणि जेवून उठले की ताटाभोवती टेबलावर चघळलेलं पडलेलं असतं ते कुणीतरी उचलायचं असतं. सिंकखालचा पाइप गळतोय, ती रोज सांगतेय, प्लंबर काही येत नाही. कॅमेरा हे पुन्हा पुन्हा दाखवतो, चिरणं, घासणं, पुसणं, आणि बघणाऱ्या पुरुषांना कंटाळा यायला लागतो. तो कंटाळा तुम्हाला पावणेदोन तास सोसायचाय, तिला तो जन्मभर आहे. बेल्जियमच्या शाँताल अकरमान यांनी १९७५ मध्ये हे आणखी पुढे नेलं होतं, त्यांच्या सिनेमातली विधवा बाई बटाटे सोलते, पलंग नीट करते, आणि सिनेमा २०१ मिनिटांचा आहे. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने समीक्षकांचं मत घेतलं तेव्हा तो जगातला सर्वोत्तम सिनेमा ठरला, दर दहा वर्षांनी १९५२ पासून चालू असलेल्या त्या यादीत बाईने केलेला सिनेमा पहिल्यांदा वर आला. बटाटे सोलणाऱ्या बाईकडे नीट बघायला जगाला एवढी वर्षं लागली.

आणि आकडाच हवा असेल तर सरकारचा आहे, २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषाची ९७. ही कामं बंद पडली तर ऑफिसं, कारखाने, सिनेमाचं शूटिंग, सगळं दुसऱ्या दिवशी बंद पडेल, तरी त्याचा पगार नाही आणि त्याला काम म्हणायचीही पद्धत नाही. सिनेमाच्या शेवटी तो नवरा दुसरं लग्न करतो आणि नवी बाई त्याचं भांडं धुते. पहिलीने तेवढं मोठं बंड केलं आणि त्याच्या घरात काही फरक पडला नाही, त्याने बाई बदलली. तुमची बायको त्या सीनवर गप्प झाली असेल असं मला वाटतंय. तिलाच विचारा.

प्रश्न: बेक्डेल टेस्ट पास झाली म्हणजे सिनेमा स्त्रीवादी का?

नाही. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका कॉमिक स्ट्रिपमधून ती आली, सिनेमात दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. इतकी साधी अट आणि तरी ढीगभर सिनेमे नापास होतात, तिचा उपयोग एवढाच. दोन बायका साड्यांबद्दल बोलल्या तरी सिनेमा पास होतो आणि आपलं वाचन तिथे अजून सुरूही झालेलं नसतं.

प्रश्न: बलात्काराचे सीन दाखवायलाच नकोत का? दाखवले नाहीत तर लोकांना कळणार कसं? आणि शेवटी बाई त्याला गोळी घालते तेव्हा बरं वाटतं, त्यात काय चुकीचं?

बरं वाटतं हे मला मान्य आहे, मलाही वाटतं. पण गोळीपर्यंत पोचायच्या आधी सिनेमाने आपल्याला काय काय बघायला लावलं तिकडे चला.

१९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती असं धरून. त्यावर १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत संघटना उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. या सगळ्या खळबळीत, १९८० मध्ये, 'इन्साफ का तराजू' आला. कोर्टात न्याय मिळत नाही हे त्याने दाखवलं, हे त्याचं श्रेय मी नाकारत नाही. पण पडद्यावर आली ती शहरातली मॉडेल. कॅमेरा तिच्या अंगावरून जसा फिरतो तसाच तो अत्याचाराच्या वेळीही फिरतो, प्रकाश छान, फ्रेम छान, आणि धाकट्या बहिणीच्या सीनमध्ये तर मला बघवत नाही, ती जवळजवळ लहान मुलगीच आहे. ज्या आदिवासी मुलीमुळे देश हलला ती पडद्यावर कुठेच नव्हती, तिला बघायला तिकीट काढून कोण जाणार असा विचार झाला असणार.

सुझन ब्राउनमिलर या अमेरिकन लेखिकेने १९७५ मध्ये मांडलं की बलात्कार ही वासनेची गोष्ट नाही, सत्तेची आहे, आणि त्याची भीती सगळ्या बायकांना ताब्यात ठेवते, ज्यांच्यावर तो होत नाही त्यांनासुद्धा. आता या सीनचं काम काय होतं ते बघा. थेटरातल्या पुरुषाला तो उत्तेजित करतो आणि बाईला घाबरवतो, एकाच तिकिटात. दाखवायचं असेल तर दार बंद झालं एवढं पुरे आहे, मग तिचा चेहरा, पोलीस ठाण्यातला बाक, डॉक्टरचे प्रश्न, घरच्यांचं कुजबुजणं, हे दाखवा ना, खरी शिक्षा तिथे चालू असते. आणि गोळीचं म्हणाल तर गोळीने एक माणूस मरतो, कोर्टाचा तो नियम तसाच राहतो, जो बदलायला बायकांना खरोखर मोर्चे काढावे लागले. मोर्च्यावरचा हिंदी सिनेमा आठवतोय का तुम्हाला? मला पटकन आठवत नाही.

अजून एक. नवऱ्याने केलेला बलात्कार आपल्या कायद्यात आजही बलात्कार नाही, बायको १८ वर्षांच्या वरची असेल तर. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद तसाच ठेवलाय. त्यामुळे पहिल्या रात्रीचे ते फुलांचे सीन, दिवा मालवतो, घाबरलेली नवरी मान खाली घालते, ते मला आता रोमँटिक वाटतच नाहीत. तिला कुणी विचारलं का, एवढंच डोक्यात येतं.

प्रश्न: तुमचा हा फेमिनिझम वरच्या जातीच्या बायकांचा आहे. आमच्या आयाबहिणी कधी घरात बसल्याच नव्हत्या, शेतात राबत होत्या. त्यांना तुमचा उंबरठा काय सांगणार?

बरोबर बोललात, आणि मिलेट-फायरस्टोन वाचून थांबलं तर हे असंच होणार. बाई म्हणून सगळ्या एक असं म्हणताना गोऱ्या आणि मध्यमवर्गीय बायकांचा अनुभव सगळ्यांचा म्हणून खपवला गेला, ही टीका अमेरिकेत काळ्या बायकांनी केली. बेल हुक्स यांनी १९९२ मध्ये लिहिलं की मल्वीच्या त्या सिद्धांतात काळी बाई प्रेक्षक म्हणून धरलेलीच नाही. आपल्याकडे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिका मांडली, लावणी करणाऱ्या बायकांवरही त्यांनी काम केलं. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १९१६ मध्ये, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिलं होतं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते टिकवायचं तर बाईवर ताबा ठेवावा लागतो, म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. माझ्या मते पुरुषसत्तेचं मूळ शोधणारं एवढं स्पष्ट लिखाण आपल्याकडे दुसरं नाही, आणि फिल्म स्टडीजच्या वर्गात ते पहिल्या दिवशी वाचायला द्यायला हवं.

'सैराट' त्या निबंधाशेजारी ठेवून बघा. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात दरारा आहे, सगळे म्हणाले काय स्ट्राँग हिरोईन. पण तिचा तो दरारा पाटलाची मुलगी म्हणून आहे, आणि ज्या क्षणी ती स्वतःच्या मर्जीने परशाचा हात धरते त्या क्षणी तेच घर तिच्या जिवावर उठतं, कारण बुलेट चालवलेली चालते, जातीची सीमा तिच्या शरीरावर आखलेली आहे ती ओलांडलेली चालत नाही. इथपर्यंत सगळे बोलतात. हैदराबादचा भाग मात्र लोक पटकन विसरतात, जिथे परशा संशय घेतो आणि तिच्यावर हात उचलतो. जातीने ज्याला चिरडलं तो मुलगासुद्धा घरात शिरल्यावर नवरा होतो. नागराज मंजुळेंनी तो सीन टाळला असता तर गोष्ट जास्त गोड झाली असती, त्यांनी टाळला नाही याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. जात आणि पुरुषसत्ता या दोन्हींनी तिला दोन्ही घरांत धरलंय, माहेरच्याही आणि तिने स्वतः उभारलेल्याही.

याच्या उलट १९७२ चा 'पिंजरा' बघा. गाणी मलाही पाठ आहेत, ते वेगळं. पण गोष्ट काय आहे, आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईमुळे रसातळाला गेले. तमाशात कुठल्या जातींच्या बायका नाचत होत्या, त्यांच्या कमाईवर कोण जगत होतं, समोर फेटे उडवणारे गावचे प्रतिष्ठित कोण होते, हे सगळं सोडून पडझडीची जबाबदारी तिच्या नजरेवर. गुरुजींचं पतन शोकांतिका आणि तिचं आयुष्य म्हणजे त्यातलं एक कारण.

प्रश्न: पडद्यावरचं सोडा, पडद्यामागे काय चालतं त्यावर कुणी का बोलत नाही?

बोलतायत, आणि बोलणाऱ्यांना काम मिळेनासं होतं. केरळमध्ये २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर अत्याचार झाल्यावर तिथल्या बायकांनी एकत्र येऊन 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' काढलं, त्यांच्या रेट्यामुळे सरकारने न्यायमूर्ती हेमा समिती नेमली, समितीने २०१९ च्या डिसेंबरमध्ये अहवाल दिला आणि तो लोकांपुढे आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये, तोही काही भाग झाकून. कामासाठी शरीरसुखाची मागणी, सेटवर टॉयलेट नाही, कपडे बदलायला खोली नाही. टॉयलेट नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईने पडद्यावर पावसात नाचायचं, हे एकदा कळल्यावर ते गाणं पूर्वीसारखं बघता येत नाही.

आणि कलेच्या नावाखाली काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे 'लास्ट टँगो इन पॅरिस'. शूटिंगच्या वेळी मारिया श्नायडर १९ वर्षांची होती, मार्लन ब्रँडो ४७ चे. बलात्काराच्या सीनमध्ये लोणी वापरायचं हे दिग्दर्शक आणि ब्रँडो यांनी आपसात ठरवलं, तिला आधी सांगितलं नाही, आणि दिग्दर्शक बेर्तोलुची यांनी २०१३ मध्ये ते स्वतः कबूल केलं, म्हणाले की तिची अभिनेत्री म्हणून नाही तर मुलगी म्हणून प्रतिक्रिया हवी होती. ती प्रतिक्रिया फिल्मवर कायमची छापली गेली आणि पुढे तो सिनेमा क्लासिक म्हणून शिकवला गेला. तिने ते हयातीत सांगितलं होतं, जगाने ऐकलं ती गेल्यावर, दिग्दर्शक बोलला तेव्हा.

प्रश्न: आमच्या महिला मंडळात दर महिन्याला एक सिनेमा दाखवायचं ठरवलंय. पहिला कुठला लावू, आणि चर्चा कशी घडवून आणू? बायका पहिल्यांदा बोलत नाहीत.

'भूमिका' लावा, १९७७ चा, हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून बेनेगलांनी केलेला. स्मिता पाटीलचं काम बघायला म्हणून तरी सगळ्या बसतील. लहान वयात कमवायला लागलेली मुलगी उषा, तिच्या कमाईवर जगणारा नवरा, मग एक पुरुष, मग दुसरा, आणि शेवटी एका श्रीमंत माणसाच्या वाड्यात ती सुखात राहायला जाते आणि कळतं की फाटकाबाहेर पडायची परवानगीच नाही. तिथून सुटायला तिला पुन्हा त्याच नवऱ्याला बोलवावं लागतं.

चर्चेला सिनेमा कसा वाटला असं विचारू नका, सगळ्या छान होता म्हणतील आणि चहा घेऊन जातील. उषाचे पैसे कोण मोजत होतं असं विचारा. मग तुमचे कोण मोजतं असं लगेच विचारायचं नाही, थोडं थांबायचं, कुणीतरी आपणहून तिथे येतेच. मोबाईल बाजूला, रेकॉर्डिंग नाही, आणि जे बोललं जाईल ते घरी सांगायचं नाही हे सुरुवातीलाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. कुणी नवऱ्याला बरोबर घेऊन आली तर पहिले दोन-तीन महिने त्यांना नाही म्हणा, राग आला तरी चालेल. पुढच्या महिन्याला 'उंबरठा' ठेवा, आणि वेळ संध्याकाळी सातची अजिबात नको, त्या वेळी सगळ्यांच्या घरी स्वयंपाक असतो, दुपारी दोनची ठेवा.